बाटलीला पोचा

सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेत
एप्रिलमध्ये सकाळपाळी असते,
तरी दहा वाजताच पत्रे तडतडू लागतात
आणि मुलं माठावर तुटून पडतात.
सुगत रामटेके, सातवी ब, खिडकीजवळचा बाक,
दोन्ही पायांना कॅलिपर, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या,
बाहेर जाऊ का, असं कधी विचारायचा नाही.
मी प्रगतिपुस्तकात लिहिलं :
समंजस. शांत. कोणालाही त्रास देत नाही.
अक्षरही छान आलं होतं माझं त्या दिवशी.

बाटली पाहिली ती कौसाबाईंनी.
झाडू थांबवून म्हणाल्या,
"मॅडम, ह्या पोट्ट्याची बाटली
जशी येते तशीच जाते घरी.
पानी पेतच नाही तो."
काहून?
"मुतारी मैदानापल्याड. वरून तीन पायऱ्या.
कोनाले तरी उचला म्हनावं लागते ना."

बेचाळीस डिग्री.
त्याच वर्गात मी अपूर्णांक शिकवत होते,
पेल्यात पाऊण भाग पाणी असेल तर,
असली उदाहरणं देऊन.

दर गुरुवारी समुपदेशक ताई यायच्या.
कागदावर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत,
आज तुला कसं वाटतं, तो रंगव.
सुगत दर गुरुवारी हसरा रंगवायचा,
पिवळा, रेघेबाहेर न जाता.
वर्षभराचे कागद मी एकदा टेबलावर पसरले
तेव्हा कळलं,
त्याला कसं वाटतं ते त्यात नव्हतंच;
आम्हाला कोणता चेहरा बरा वाटतो
ते त्याला पाठ होतं.

मग रॅम्प झाला.
उतार असा की वरून चेंडू सोडला
तर थेट फाटकाबाहेर, पानठेल्यापाशी.
फीत कापली, फोटोसाठी सुगतला पुढे उभं केलं.
फोटोतही तो तसाच, पिवळा.
बाटली भरलेलीच.
आता काय करायचं, मी ताईंना विचारलं.
त्याला विचारलंत का, त्या म्हणाल्या.

नव्हतं विचारलं.

विचारलं तेव्हा तो बराच वेळ
कुबडीचं रबर नखानं खरवडत बसला.
"रॅम्पवरून घसरतो मी," एवढं आधी.
मग खूप वेळानं,
"मॅडम, सारे माझ्याशी चांगलेच वागतात.
कोणी भांडतच नाही.
मले शिवी बी नाही देत कोणी."

यावर माझ्याकडे काही नव्हतं,
बी.एड.च्या वह्यांतही नसावं.
रॅम्प तोडून पुन्हा बांधायला लावला, लांब,
त्याच्या कुबड्यांच्या पावलांनी मापून.
बाकीचं उझैरनं केलं, तेही नकळत.
रिकाम्या तासाला अंपायर कमी पडला,
सुगतला खुर्चीवर बसवलं,
आणि सुगतनं पहिल्याच षटकात उझैरला पायचीत दिलं.
"आंधळा आहे का बे!"
मैदान चिडीचूप.
सुगतची कुबडी हवेत, "आउट म्हंजे आउट!"
घंटा झाली तरी भांडण चालूच.
दोघं ऑफिसबाहेर उभे, कान लाल.

डायरीत मी लिहिलं :
मैदानावर भांडतो. वर्गात बडबड करतो. पालकांनी नोंद घ्यावी.

सगळं झालं असं नाही.
काही गुरुवारी आता तो रडका चेहरा रंगवतो,
काळ्या स्केचपेननं, कागद फाटेस्तोवर.
ताई ते कागद वेगळे ठेवतात
आणि त्या दिवशी शेवटची बस सोडून देतात.

परवा ऐन अपूर्णांकात हात वर.
"मॅडम, बाहेर जाऊ?"
आत्ताच तर सुट्टी झाली ना रे!
साऱ्यांना म्हणते तसंच निघून गेलं तोंडातून,
आणि मी जीभ चावली.
तो मात्र सगळ्यांसारखाच कुरकुरत उठला.
टक, टक, फरशीवरून लांबवर,
मागे कोणी नाही.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन.
"मॅडम, नव्या बाटलीले हा मोठा पोचा पडला.
कसा पडला, सांगूनच नाही राहिला पोट्टा."

स्टंप कमी पडला होता.
मीही सांगितलं नाही.